यंदा नंदी मुलांच्या हाती द्या

प्रति,
विदर्भातल्या शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि तान्हा पोळा उत्सव मंडळांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातली एक चित्रकला शिक्षिका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आपण शाळेच्या नाहीतर मंडळाच्या मैदानावर नंदी सजावट स्पर्धा भरवता आणि परीक्षक म्हणून आम्हा कलाशिक्षकांना बोलावता. शाल, श्रीफळ, मंडपात पंख्याखालची खुर्ची, सगळं अगत्यानं होतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण बक्षीस नेमकं कशाला देतो याबद्दल.

मैदानावरचं चित्र आपण सगळेच ओळखतो. पुढच्या रांगेत मोठे नंदी. मोठ्या माणसाच्या छातीला लागतील एवढे, सागवानी, पॉलिश मारलेले, काही खास या दिवसापुरते भाड्यानं आणलेले. पाठीवर मखमली झूल, शिंगांना बेगड, अंगभर एलईडीची माळ, शेजारी थर्माकोलचा किल्ला नाहीतर मंदिर. कासरा धरून उभं असतं एक पोरगं, धोतर-फेट्यात, घामानं चिंब, केव्हा एकदा सुटतो असं झालेलं. त्याला मी विचारते, "बाळा, यातलं तू काय केलंस?" तो आईकडे बघतो. आई म्हणते, "सांग ना मॅडमला, आयडिया तुझीच होती."

मागच्या रांगेत वीतभर उंचीचे नंदी असतात. एकदा तिथं चौथीतली एक मुलगी भेटली. तिला विचारायचीही गरज पडली नाही. "शिंगं मी रंगवली. एक जास्त लाल झालं, मग दुसऱ्यावर पण अजून लाल लावला, पण ते पहिलंच जास्त लाल दिसतंय." तिनं दोन्ही शिंगं माझ्या डोळ्यांसमोर धरली. खरंच, पहिलंच जास्त लाल होतं. गेरूचा एक हात आधी, त्यावर कुंकवासारखा लाल, आणि टोकाला बेगडाऐवजी चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवलेला. अख्ख्या मैदानात रंगाबद्दल बोलणारी ती एकटीच. निकाल काय लागला असेल ते आपल्याला सांगायला नको. गुणपत्रिकेत 'आकर्षकता', 'भव्यता', 'सामाजिक संदेश' असे रकाने असले की वीतभर नंदीला कुठं जागा राहते?

नागपूरच्या भोसल्यांच्या घराण्यानं, दुसऱ्या रघूजीराजांनी, हा पोळा मुलांसाठी सुरू केला असं आपल्याकडे सांगतात. जिवंत बैल लहान मुलांच्या हाती देता येत नाही, म्हणून लाकडाचा बैल. घरोघरी तो ओढत न्यायचा, ओवाळून घ्यायचं, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवायचा. म्हणजे मुळात ही मुलानं स्वतः हाताळायची वस्तू. ती हळूहळू मोठ्यांची होत गेली. सिंदी रेल्वेचे प्रचंड नंदी बघायला दूरदूरहून लोक येतात. मीही जाते, आणि त्या सुतारांच्या हाताला मनापासून दाद देते. तो गावाचा सोहळा आहे, तो तसाच राहू दे. घरातला आजोबांच्या काळचा नंदी पोरानं मिरवत नेऊ दे. माझं म्हणणं फक्त शाळेच्या आणि मुलांच्या नावानं होणाऱ्या सजावट स्पर्धेपुरतं आहे.

ते म्हणणं असं : प्रत्येक मुलाला आपापला नंदी सजवून आणायला सांगू नका. एका वर्गाला एकच मोठा, कोरा नंदी द्या. सगळ्या वर्गांना सारख्याच मापाचा. आणि तो शाळेतच, शाळेच्या वेळात, मुलांकडूनच सजवून घ्या.

ही कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. 1998 मध्ये झुरिक शहरात आठशेच्या आसपास फायबरग्लासच्या गाई रस्त्यांवर उभ्या केल्या होत्या. पुढच्या वर्षी शिकागोनं तेच केलं, तीनशेहून जास्त गाई. गंमत अशी की साचे तीनच : उभी गाय, चरणारी गाय, बसलेली गाय. सगळ्या कलाकारांना तेच तीन आकार. जे काही वेगळं करायचं ते रंगानं आणि डोक्यानं. शिकागोतल्या गाईंचा नंतर लिलाव झाला आणि पैसे धर्मादाय कामाला गेले. हत्तींचंही असंच. थायलंडमध्ये मोशा नावाच्या हत्तीच्या पिल्लाचा पाय 2006 मध्ये भूसुरुंगात गेला. तिच्यावरून सुचून 2007 मध्ये रॉटरडॅमला रंगवलेल्या हत्तींची पहिली मिरवणूक उभी राहिली. तोच प्रकार 2018 मध्ये मुंबईतही आला. 101 हत्ती, कारण तेव्हा भारतात हत्तींच्या येण्याजाण्याचे 101 मार्ग नोंदलेले होते.

हे सगळं नामवंत कलाकारांचं आणि प्रायोजकांचं काम. आपल्या उपयोगाचं जे आहे ते ब्रिटनमधल्या शहरांनी केलं. मँचेस्टरमध्ये 2018 साली शंभरावर मोठ्या मधमाश्या चौकाचौकांत बसवल्या. मधमाशी हे त्या गिरण्यांच्या शहराचं जुनं चिन्ह, जसा आपल्याकडे बैल. त्या मोठ्या मधमाश्यांबरोबर शंभरावर लहान मधमाश्या शाळांना आणि स्थानिक गटांना दिल्या होत्या. मुलांनी रंगवलेल्या या मधमाश्या शहरातच मांडल्या, लोक हातात नकाशा घेऊन त्या शोधत फिरले, आणि प्रदर्शन संपल्यावर त्या आपापल्या शाळेत परत गेल्या. त्यात कुणाच्या बापाची मधमाशी मोठी नव्हती. कोरा आकार सगळ्यांना सारखा. माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे.

आता मोठाच का, असं आपण विचाराल. वीतभर नंदी मूल एकटं रंगवतं, आणि एकट्याचं काम आई-बाबा रात्री बसून 'जरा नीट' करून टाकतात. छातीएवढा नंदी एका आईला एका रात्रीत नीट करता येत नाही. तो घरी नेता येत नाही. तो वर्गाच्या कोपऱ्यात उभा असतो आणि पस्तीस-चाळीस मुलं त्याच्याभोवती आपली जागा शोधत असतात. उंच पोरं वशिंडाकडे, बुटकी पायांकडे, आणि एखादं हटकून पोटाखाली आडवं. कोणता रंग कुठं संपवायचा यावर भांडणं होतात. ती होऊ द्यावीत. मानेपर्यंत निळा आणायचा की खांद्याशी थांबायचं हे ठरवण्यात वर्गाचा अर्धा तास गेला, तर तो अर्धा तास वाया गेला असं मी तरी मानत नाही.

दुसरं कारण जरा माझ्या विषयातलं. आपली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत संकल्पचित्र शिकतात. चौकोन आखायचा, वर्तुळ आखायचं, त्यात पानंफुलं भरायची. हात त्यात छान बसतो. पण बैलाचं पोट म्हणजे चौकोन नाही. कागदावर सरळ येणारी किनार पोटावरून नेली की मधेच खाली झुकते. वशिंडावर काढलेल्या चौकोनाचे कोपरे फाकतात. डावीकडून निघालेली वेल उजवीकडून आलेल्या वेलीला छातीवर भेटायला हवी, आणि ती भेटत नाही, चार बोटं वर जाते. मग एखादं पोरगं आपण होऊन सुतळी आणतं, अंगाभोवती गुंडाळतं आणि सुतळीच्या कडेनं खडूनं रेघ मारतं. हे त्याला कुठल्याही चित्रकलेच्या वहीत सापडलं नसतं. गळ्याखालची पोळी, कानामागचा खोलगट भाग, गुडघ्याची गाठ, या जागा नुसत्या बघून कळत नाहीत. कुंचला तिथं अडला की कळतात.

कोरा नंदी आणायचा कुठून? लाकडाचा घेतला तर उत्तमच, पण महाग पडतो. फायबरग्लासचा मोह धरू नका. तो बनवताना आणि घासताना उडणारी बारीक धूळ शाळेत नकोच. मी सुचवेन बांबू आणि रद्दी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर आपण एवढे अभिमानानं बोलतो, चिचपल्लीला त्याचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, गावागावांत बुरूड मंडळी आहेत. एका बुरडाला दोन दिवस शाळेत बोलवा आणि त्याची रीतसर मजुरी द्या. सांगाडा त्याच्या हाताखाली मोठ्या वर्गातली मुलं बांधतील. कामट्या ओल्या असताना वाकवायच्या, सुतळीनं जखडायच्या, पाय आधी एका जाड फळीवर पक्के करायचे आणि त्या फळीला चाकं. पायांत वजन कमी आणि डोक्यात जास्त झालं की नंदी तोंडावर पडतो, म्हणून मान फार पुढं काढायची नाही. निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काड्यांपासून खऱ्या मापाचे हत्ती केले. ते 2021 मध्ये लंडनच्या बागांत उभे राहिले आणि त्यातले शंभर 2024 मध्ये अमेरिकेत पोचले. आपल्या जंगलांच्या कडेलाही घाणेरी कमी नाही. पण ती उकळून, सोलून वाकवावी लागते, आणि आत लोखंडी सांगाडा लागतो. शाळेसाठी बांबूच बरा.

सांगाड्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, खळीत बुडवून. लगदा लावायचा असेल तर त्यात मेथीपूड घाला, कीड लागत नाही. जुन्या पद्धतीत खळीत मोरचूद घालत, ते मुलांच्या हाती नको, विषारी आहे.

आणि इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण असे बहुतेक प्रयोग इथंच बसतात. श्रावणात कागद वाळत नाही. ऑगस्टमध्ये कागदी नंदी करायला घेतला की दुसऱ्या थराला बुरशी, तिसऱ्या थराला वास, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं की त्यापेक्षा बाजारातून आणू. नंदीचं अंग मार्च-एप्रिलच्या उन्हात करा. आपल्या उन्हाची एरवी आपण फक्त तक्रार करतो. एक थर सकाळी दिला की दुसऱ्या दिवसापर्यंत खडखडीत. सुट्टीभर नंदी वर्गात बंद राहू दे, जमिनीपासून उंच, उंदरांपासून लांब. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा तो टणक झालेला असतो. मग जुलै-ऑगस्ट फक्त सजावटीला.

रंगांबद्दल थोडक्यात. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन प्राथमिकच्या मुलांच्या हाती देऊ नका. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, पण कारखान्यात वापरायचे रंग त्यात येत नाहीत, आणि हार्डवेअरच्या दुकानात हे सगळे डबे शेजारीशेजारीच असतात. अंगाला पांढरा डिस्टेंपर, त्यावर अॅक्रिलिक, गेरू, चुना. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. तरीही तो दरवर्षी आपल्याच मैदानावर, आपल्याच मान्यवरांसमोर उभा असतो.

आता काय रंगवायचं? कृपा करून वारली नको. वारलीशी माझं काही वाकडं नाही, उलट खूप आदर आहे. पण ती पालघर-डहाणूकडची, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची चित्रं. आपल्याकडे आपण ती कुंडीवर, फाइलवर, शाळेच्या फाटकावर, सगळीकडे उतरवतो, कारण तिला 'सोपी' समजतो. बैल आपला आहे, तर आधी बैलच बघू. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल मुलांनी जवळून पाहिलाय का? पांढरा-राखाडी, अंगानं लांब, शिंगं आखूड आणि थोडी मागं गेलेली. बाजारातल्या बऱ्याच लाकडी नंद्यांची लांब, उभी शिंगं खिल्लारची वाटतात, आपल्याकडच्या बैलाची नव्हे. कारंजा घाडगे तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं पैदास केंद्र आहे. एक सहल तिकडे काढता येईल. नाही जमलं तर गावातल्या ज्या घरी अजून बैलजोडी आहे तिथं जा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, गेलात तर सर्वांत चांगलं. जुवामुळे खांद्यावर पडलेला घट्टा मुलांना हात लावून बघू दे. त्याच घट्ट्यावर हळद आणि लोणी चोळतात. तो घट्टा आपल्या सजवलेल्या नंदीवर मी आजवर एकदाही रंगवलेला पाहिला नाही. मुलांनी एकदा हात लावला की ती तो रंगवतील, आणि बहुधा हिरव्या-जांभळ्या रंगात रंगवतील. रंगवू द्या.

घरात जुनी झूल असेल तर ती शाळेत आणायला सांगा. तिच्यावरची भिंगं, कवड्या, ठिगळं, गोंडे, मठाट्या. झूल अंगावर टाकण्याऐवजी ती रंगानं अंगावर काढायची, असा एक वर्ग ठरवेल. दुसरा म्हणेल, आमच्या नंदीवर पावसाचा नकाशा, एका बाजूला पेरणी आणि दुसऱ्या बाजूला दुबार पेरणी. तिसऱ्याला ट्रॅक्टर काढायचा असेल. काढू द्या की! घरी बैल जाऊन ट्रॅक्टर आलेली मुलंच वर्गात जास्त आहेत, आणि ती तो ट्रॅक्टर बैलापेक्षा जास्त प्रेमानं काढतील. शिक्षकांनी 'बेटी बचाव, पाणी वाचवा' असा संदेश वरून लादू नये, एवढंच. संदेशाचा रकाना गुणपत्रिकेतून काढला की हे आपोआप थांबेल.

आपल्या अडचणी मला माहीत आहेत. चित्रकलेच्या तासिका आठवड्याला मोजक्या, त्यातल्या निम्म्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीला जातात. कित्येक शाळांत कलाशिक्षकच नाही. त्यावर माझं उत्तर असं की राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं, 2020 च्या, सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणं हा त्यांचा हेतूच आहे. बुरूड, सुतार आणि झूल शिवणारी बाई एकाच कामात येतात. घेर मोजणं, किती कागद लागेल याचा अंदाज, फळीवर भार कसा वाटायचा, हे गणिताच्या सरांनी घ्यावं. ते खूश होतील, निदान आमच्याकडचे झाले असते.

"सगळ्याच मुलांच्या घरी पोळा नसतो," असं एका मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं. खरं आहे. मग त्या शाळेनं बैलाचा आग्रह धरू नये. गोंदियाकडे सारस आहे, ताडोबाच्या बाजूला वाघ आहे, मेळघाटात अस्वल आहे. वर्गानं मतदान करून प्राणी ठरवावा. सांगाड्याची रीत तीच. फक्त सारसाच्या पायांवर एवढं अंग उभं राहत नाही, त्याला बसवावं लागेल.

पालक नाराज होतील. होऊ द्या थोडे. ज्यांनी नवीन नंदी घेतला आहे त्यांना मिरवणुकीत मानानं पुढं राहू द्या. मिरवणूक सर्वांची, स्पर्धा मात्र वर्गांची.

स्पर्धेबद्दल माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. पहिला, दुसरा, तिसरा नको. परीक्षकानं नंदीसमोर उभं राहून त्या वर्गातल्या कोणत्याही तीन मुलांना विचारावं की हे असं का केलं. उत्तर मुलांकडे असेल तर काम मुलांचं. बक्षिसाची रक्कम सगळ्या वर्गांना रंग आणि कुंचले म्हणून सारखी वाटावी. आणि नंदी मंडपात एका दिवसात गुंडाळू नका. एसटी स्टँड, ग्रामपंचायत, दवाखाना, बाजार ओळ, जिथं छप्पर मिळेल तिथं आठवडाभर उभे करा. मुलांनी हातानं काढलेला नकाशा झेरॉक्स करून वाटा. पोळ्याला शहरातून गावी आलेली माणसं एरवी पारावर बसून मोबाइल बघतात, ती नंदी शोधत फिरतील. नंतर नंदी शाळेत परत. पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा पांढरा हात, पुन्हा नवा वर्ग. एखादा फारच सुंदर झाला तर ठेवून द्या, पण सगळे ठेवायला लागलात तर मुलांना बाकं लावायला जागा उरणार नाही.

आपल्यापैकी ज्या मंडळांची स्पर्धेची पत्रकं अजून छापायला गेलेली नाहीत, त्यांनी यंदा निदान एवढं करावं : 'सामाजिक संदेश' आणि 'भव्यता' हे रकाने काढावेत, आणि थर्माकोलचा नंदी प्रवेशाआधीच बाद असं ठळक लिहावं. वर्गाच्या नंदीची तयारी या वर्षी होणार नाही, मला कळतं. त्यासाठी फेब्रुवारीत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या आणि बुरडाला महिनाभर आधी सांगून ठेवा, कारण मार्चपासून लग्नसराईच्या सुपांची आणि टोपल्यांची कामं त्याच्या मागं लागतात. बोलावलंत तर सांगाडा बांधायच्या दोन्ही दिवशी मी येईन. शाल-श्रीफळ नको, चहा पुरे.

कळावे,

आपली,
एक चित्रकला शिक्षिका
वर्धा जिल्हा